निवृत्त गोलकीपर मुख्य कोच म्हणून चालतो का? (झॉफ, थंगराज आणि आपलं मुरमाचं मैदान)

गोलरेषा_परभणी यांचा प्रश्न

राम राम मंडळी. परभणी, हिंगोली, नांदेड पट्ट्यात शालेय फुटबॉलला आता बऱ्यापैकी पोरं येऊ लागलीत. पण कोच म्हणलं की क्रीडाशिक्षक, नाहीतर कुणीतरी जुना स्ट्रायकर. आता एका संघासाठी माजी गोलकीपरचं नाव पुढं आलंय, तेही मुख्य कोच म्हणून. १४ आणि १७ वर्षांखालची मुलं आहेत. त्यावरून दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, कीपरला निस्तं कीपरच घडवता येतो, बाकीच्या दहा जणांना तो काय सांगणार? दुसरा म्हणतो, मागून सगळं मैदान त्यालाच तर दिसतं.

वाद नको, नेमकी माहिती पाहिजे.

१. देशाकडून खेळलेला कीपर पुढं चांगला कोच झाला, असे कोण? थेट मुख्य कोच झाले की मधी काही पायऱ्या होत्या? आणि अडले कुठं?

२. इकडच्या माणसानं लायसन्स कोणतं आधी काढावं, साधं कोचिंगचं की गोलकीपिंगचं?

३. मैदान मुरमाचं. कडेला काळी माती, उन्हाळ्यात अख्खा पंजा जाईल एवढ्या भेगा. इथं डाइव्ह शिकवायची कशी? पोरांची कोपरं सोलून निघतात, हातमोजे महिनाभरात फाटतात, आणि मग पोरगं डाइव्ह मारायलाच भितं.

---

लिबेरो_५

पहिल्या प्रश्नाला इटलीचा गोलकीपर दिनो झॉफ हे सगळ्यात स्वच्छ उदाहरण आहे, म्हणून त्याच्यावरच जरा रेंगाळतो.

जन्म १९४२, इटलीच्या ईशान्य कोपऱ्यातला. चौदाव्या वर्षी इंटर आणि युव्हेंटस या दोघांनीही उंची कमी म्हणून परत पाठवलं. १९६१ मध्ये उडिनेझेकडून सेरी आ (इटलीची वरची लीग) मधला पहिला सामना, त्यात फिओरेंटिनाकडून पाच गोल खाल्ले. पुढं मांतोवा, मग नापोली. युव्हेंटसनं घेतलं तेव्हा वय ३०. तिथं ११ हंगाम, सहा लीग विजेतेपदं, आणि सलग ३३० लीग सामने एकही न चुकवता. इटलीकडून ११२ सामने. १९६८ ला युरोपियन विजेता आणि १९८२ ला चाळिसाव्या वर्षी विश्वचषक उचलणारा कर्णधार. सप्टेंबर १९७२ ते जून १९७४ या काळात आंतरराष्ट्रीय सामन्यांत सलग १,१४२ मिनिटं गोल नाही. ती साखळी तोडली हैतीच्या एमान्युएल सानोननं, १९७४ च्या विश्वचषकात.

आता कोचच्या नजरेनं बघा. झॉफ उड्या मारणारा कीपर नव्हता, जागा धरणारा होता. बॉल ढकलण्यापेक्षा पकडायचा. १९८२ ला ब्राझीलविरुद्ध ३-२ असताना शेवटच्या मिनिटांत ऑस्करचा हेडर त्यानं रेषेवर धरून ठेवला. तोच बॉल हातातून निसटून पुढं पडला असता तर टपलेला माणूस होताच, आणि बरोबरी ब्राझीलला पुरेशी होती. ही पकड म्हणजे आधीच्या दोन पावलांचं फळ. असा माणूस कोच झाला की संघातही तेच आणतो: आधी जागा, मग हालचाल. हे त्याचं बळ होतं आणि मर्यादाही.

पायऱ्या तर होत्याच. १९८३ च्या युरोपियन कपची फायनल हॅम्बुर्गकडून ०-१ हरल्यावर निवृत्ती. मग युव्हेंटसमध्येच गोलकीपर कोच. मग इटलीचा ऑलिंपिक संघ, ज्याला त्यानं १९८८ च्या सोल स्पर्धेची पात्रता मिळवून दिली. मग कुठं युव्हेंटसचा मुख्य कोच, १९८८ ते ९०. म्हणजे निवृत्ती आणि मोठ्या खुर्चीत पाच वर्षं. ऑलिंपिक संघ हा मधला टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रोजचे खेळाडू नसतात, थोड्या दिवसांत संघ बांधायचा असतो आणि चूक झाली तरी रोज ओरडणारं स्टेडियम नसतं.

१९९० ला त्यानं कोपा इटालिया आणि युएफा कप दोन्ही जिंकले. युएफा कपच्या फायनलमध्ये फिओरेंटिनाला ३-१ आणि ०-० असं गार केलं. तरी नारळ मिळाला! व्यवस्थापनाला झोनल (माणसामागं न जाता प्रत्येकानं आपली जागा राखायची), आक्रमक फुटबॉल हवा होता, म्हणून मायफ्रेदीला आणलं. पुढच्या हंगामात युव्हेंटस सातव्या नंबरावर. झॉफ लॅझिओला गेला, १९९२-९३ ला पाचवा नंबर काढून बऱ्याच वर्षांनी क्लबला युरोपियन स्पर्धेत नेलं, नंतर तिथं अध्यक्षही झाला.

१९९८ पासून इटलीचा कोच. युरो २००० च्या ऐन तोंडावर पहिला कीपर बुफॉनचा हात मोडला, टोल्डोला गोलात उभं केलं. सेमीफायनलला नेदरलँड्सविरुद्ध ३४ व्या मिनिटाला रेड कार्ड मिळून झांब्रोटा बाहेर, दहा माणसं उरली, समोर त्यांचंच मैदान. सामन्यात दोन पेनल्टी झाल्या. एक टोल्डोनं अडवली, दुसरी क्लायव्हर्टनं खांबावर मारली. शूटआउट ३-१. दहा जणांनी जवळजवळ दीड तास रचना मोडू दिली नाही, ही कीपर-कोचची खरी कमाई. फायनलला फ्रान्सविरुद्ध १-० पुढं असताना भरपाई वेळेत विल्टोरनं बरोबरी केली, जादा वेळेत त्रेझेगेचा गोल्डन गोल (झाला की सामना तिथंच संपतो). दोन दिवसांनी झॉफचा राजीनामा, कारण इटलीचे बडे राजकारणी बर्लुस्कोनी यांनी जाहीरपणे म्हटलं की फ्रान्सच्या झिदानला माणूस चिकटवायला हवा होता. आता डेल पिएरोनं त्या फायनलमध्ये दोन सोप्या संधी घालवल्या त्याचा हिशोब कोचकडं का मागायचा? पण ‘सावध’ हा शिक्का झॉफवर कायम राहिला, आणि तो अगदीच उगाच होता असंही नाही.

बाकीची दोन नावं थोडक्यात. बेल्जियमचा मिशेल प्रुदॉम, १९९४ च्या विश्वचषकाचा सर्वोत्तम कीपर. स्टँडर्ड लिएजला २००८ ला लीग जिंकून दिली, तीही २५ वर्षांनी. पुढं ट्वेंटेबरोबर डच कप, २०१६ ला क्लब ब्रुजबरोबर पुन्हा लीग. त्याचे संघ सावध नव्हते, तेव्हा ‘कीपर म्हणजे बचावात्मक कोच’ हा नियम नाही. दुसरा वॉल्टर झेंगा. १९९० च्या विश्वचषकात ५१७ मिनिटं गोल नाही, पण कोच म्हणून क्लब बदलत राहिला. रेड स्टारबरोबर २००६ ला लीग आणि कप दोन्ही जिंकले, पण एका जागी रुजला नाही. रागीट स्वभाव गोलात झाकला जातो, बाकावर नाही.

---

जुनं_हैदराबाद

लिबेरो सरांनी इटली सांगितली, मी घरातलं सांगतो. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थान-राज्यात होता, आणि त्या काळात हैदराबाद म्हणजे भारतीय फुटबॉलचं एक मोठं घर. पीटर थंगराज तिथलेच, जन्म १९३५. मेलबर्न १९५६ आणि रोम १९६० या दोन्ही ऑलिंपिक संघांत होते. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या फायनलला गोलात तेच होते. दक्षिण कोरियाला २-१ हरवून सोनं मिळवलं, आणि कोच होते हैदराबादचेच सय्यद अब्दुल रहीम. १९६७ ला अर्जुन पुरस्कार. कलकत्त्याच्या तिन्ही मोठ्या क्लबांकडून खेळले. निवृत्तीनंतर कोचिंगमध्ये आले, गोव्यात काम केलं आणि शेवटची बरीच वर्षं बोकारोत पोरं घडवली.

तुमच्या वादाला उपयोगी गोष्ट अशी की थंगराज सुरुवातीला सेंटर फॉरवर्ड होते. लष्कराच्या मद्रास रेजिमेंटल सेंटरमध्ये गेल्यावर ते गोलात स्थिरावले. पुढून खेळलेला माणूस मागं गेला की स्ट्रायकर पाय कुठं ठेवणार हे त्याला आधीच कळतं. म्हणून तुमच्या उमेदवाराला पहिला प्रश्न हा विचारा की गोलाशिवाय तो दुसरीकडं कुठं आणि किती खेळलाय. नसेल खेळला, तर आताही उशीर नाही. आठवड्यातून दोनदा पोरांच्या सरावात मिडफिल्डला उतरावं. बॉल पाठीमागून येतो तेव्हा मान वळवायला किती वेळ मिळतो, हे गोलात उभं राहून कळत नाही.

तसंच गोव्याचे ब्रह्मानंद सांखवळकर. भारताचे कर्णधार, १९९७ ला अर्जुन, २०२२ ला पद्मश्री. कोकणी माणूस, पण आपल्याकडच्या पोरांना सांगायला जवळचं नाव.

आता लायसन्स. आपल्याकडची शिडी अशी: एआयएफएफचं (अखिल भारतीय फुटबॉल महासंघ) डी लायसन्स, मग सी, बी, ए, आणि सगळ्यात वर प्रो. सी पासून पुढं एएफसीची (आशियाई फुटबॉल महासंघ) मान्यता. गोलकीपिंगचा मार्ग वेगळा, त्याच्या पायऱ्याही वेगळ्या. महाराष्ट्राची राज्य संघटना म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, विफा. डी चे वर्ग राज्य संघटनेमार्फत होतात, नोंदणी ऑनलाइन. वय १८ पूर्ण पाहिजे.

मुख्य कोच व्हायचं असेल तर आधी डी, मग सी, आणि गोलकीपिंगची पहिली पायरी त्यानंतर. उलटं केलं की काय होतं? गोलकीपिंगचा दाखला हातात असला की प्रत्येक संघ त्याला ‘कीपर कोच’ म्हणूनच बोलावतो, आणि पाच वर्षांनी सुद्धा त्याच्या नावावर एकही पूर्ण सामना नसतो. झॉफला ऑलिंपिक संघ मिळाला म्हणून तो त्या खणातून बाहेर आला. इकडं तसा संघ शालेय स्पर्धेत मिळतो. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत १४, १७, १९ वर्षांखालच्या शालेय स्पर्धा होतात, सुब्रतो कप या शालेय फुटबॉल स्पर्धेची जिल्हा फेरीही तिथूनच. दोन हंगाम त्यात मुख्य कोच म्हणून बाकावर बसावं.

सरकारी नोकरीचा विचार असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) कोचिंग डिप्लोमा बघावा, सरकारी प्रशिक्षकाच्या जाहिरातीत बहुधा तोच मागतात. क्लब फुटबॉलला एआयएफएफ-एएफसीचं लायसन्स लागतं, इंडियन सुपर लीगसारख्या (आयएसएल) वरच्या लीगला मुख्य कोच व्हायचं तर प्रो. दोन्ही वाटा वेगळ्या आहेत. एकाच्या कागदानं दुसरीकडचं दार उघडेल असं धरून चालू नका.

---

वाळूचा_खड्डा

तिसऱ्या प्रश्नावर येतो, कारण पोरगं डाइव्हला भितंय हा सगळ्यात मोठा रोग आहे आणि तो मैदानातून येतो, पोरातून नाही.

मुरमावर डाइव्ह शिकवूच नका. सामन्यात पडावं लागेल ते वेगळं, शिकायची जागा वेगळी. तालुका क्रीडा संकुलात लांब उडीचा खड्डा असतो, पावणेतीन मीटर तरी रुंद. तोच वापरा. नसेल तर ४ मीटर बाय ३ मीटर, एक फूट खोल असा खड्डा घ्या. त्याला साधारण सव्वा ब्रास वाळू लागते. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) स्वस्त पडते म्हणून टाकू नका, तिचे कण टोकदार असतात आणि कातडी मुरमापेक्षा वाईट सोलते. नदीची गोल कणांची वाळू, चाळून. कडेला विटा लावायच्या नाहीत, वाळू भरलेली पोती नाहीतर जुने टायर अर्धे गाडून. सरावाच्या आदल्या संध्याकाळी दोन-तीन बादल्या पाणी शिंपडा. सकाळी फावड्यानं खालवर करा आणि हातानं चाचपून काच, खिळा, कुत्र्याची घाण काढा. कोरडी वाळू डोळ्यांत जाते, आणि फार ओली केली की दगडासारखी बसते.

मैदानावर पाणी मारा, हिरवळ लावा असले सल्ले इकडं देऊ नयेत. ज्या लातूरला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं गोलासमोरची माती भिजवायला टँकर कोण देणार? खड्ड्याला दोन-तीन बादल्या पुरतात.

आता क्रम. पहिला टप्पा बसून: पाय पसरून बसायचं, बॉल बाजूला हळू फेकायचा, पोरानं कुशीवर पडत दोन्ही हातांनी धरायचा. दुसरा गुडघ्यांवरून. तिसरा उकिडवं बसून. चौथा उभ्यानं, जागेवरून. पाचवा एक पाऊल टाकून. प्रत्येक बाजूला ६ वेळा, असे २ सेट, मधे एक-दीड मिनिट विश्रांती. कच्च्या बाजूनं सुरुवात करा, बहुतेकांची डावी असते. एका टप्प्यात सहापैकी पाच नीट झाल्याशिवाय पुढचा नाही. १२-१३ वर्षांच्या पोराला उभ्या डाइव्हपर्यंत यायला तीन-चार आठवडे लागले तर लागू द्या.

जमिनीला टेकण्याचा क्रमही ठरलेला: पोटरीची बाहेरची बाजू, मांडी, कुल्ला, बरगडीची बाजू, खांदा. बॉल सगळ्यांच्या आधी टेकला तर उत्तम, तोच गादीचं काम करतो. खालचा हात बॉलच्या मागं, वरचा हात बॉलच्या वर.

बिघडतं कुठं ते सांगतो.

कोपर आधी टेकतं. पोरगं घाबरून हात खाली रोवतं म्हणून. नुसतं सोलण्यावर भागत नाही, झटका खांद्याला आणि हासळीच्या हाडाला बसतो. उपाय एक पायरी मागं जाणं. ओरडून काही होत नाही.

पोटावर पडतं. बॉलकडं छाती न वळवता नुसतं झेपावलं म्हणून. अशा वेळी वरच्या बाजूचा गुडघा छातीकडं ओढायला सांगा, शरीर कुशीवरच राहतं.

मागं पडतं. पहिलं पाऊल आडवं किंवा मागं गेलं म्हणून. पाऊल तिरपं पुढं पडलं पाहिजे, बॉलकडं. चुन्यानं जमिनीवर दोन तिरप्या रेषा आखून द्या.

किक बसते तेव्हा पोरगं चालतच असतं. ही चूक सगळ्यात जास्त गोल देते आणि सगळ्यात कमी दिसते. समोरच्याचा पाय बॉलला लागायच्या क्षणी दोन्ही पाय जमिनीवर, खांद्याएवढं अंतर, टाचा हलक्या. दोन फूट चुकीच्या जागी थांबलेला कीपर, बरोबर जागेकडं धावत असलेल्या कीपरपेक्षा जास्त बॉल अडवतो.

जागा शिकवायला २०-२५ मीटरच्या दोन दोऱ्या घ्या. प्रत्येक खांबाला एक बांधा, दुसरी टोकं बॉलपाशी एकत्र धरा. बॉल डावीकडं-उजवीकडं हलवला की दोऱ्यांचा त्रिकोण फिरतो. पोरानं त्याच्या मधोमध उभं राहायचं आणि पुढं-मागं सरकून बघायचं की हात कधी दोरीला पुरतो. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ उंच. १३ वर्षांच्या पोराला रेषेवर उभं राहून तो झाकणं अशक्य आहे, आणि दोरीनं हे पाच मिनिटांत कळतं. पण फार पुढं आला की बॉल डोक्यावरून जातो, तेही त्याच सरावात दाखवा.

मुरमावर जमिनीलगतचा बॉल ऐन वेळी उसळतो नाहीतर घसरत येतो. म्हणून निस्ता वाकून उचलायचा नाही. एक गुडघा आडवा खाली, तो दुसऱ्या पायाच्या टाचेजवळ, मधली फट बॉलपेक्षा लहान. हातातून सुटला तरी पाय मागं आहे.

कपडे: पूर्ण बाह्या, पूर्ण पँट. पँटच्या आतून कुल्ल्याच्या बाजूला एक सेंटिमीटर जाडीच्या फोमच्या पट्ट्या शिवून घ्या, शिंपी करून देतो. कोपराला व्हॉलिबॉलचे नीपॅड चालतात.

हातमोजे: लेटेक्स उन्हानं मरतो. सरावानंतर कोमट पाण्यात साबणाविना दाबून धुवायचे, पिळायचे नाहीत, सावलीत वाळवायचे. वापरायच्या आधी तळवा ओलसर करायचा, कोरडा लेटेक्स पकडही देत नाही आणि लवकर उकलतो. मोज्यांच्या दोन जोड्या, जुनी मुरमावरच्या सरावाला, नवी सामन्याला. आणि पडून उठताना तळवा जमिनीवर टेकवून उठायची सवय मोडा. मोजे बॉलनं कमी फाटतात, असल्या उठण्यानं जास्त फाटतात. बंद मुठीवर उठायला शिकवा.

वेळ: मार्चअखेर ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत सकाळी ६ ते साडेसात, त्यापुढं नाही. भेगांच्या काळ्या मातीवर पळवू नका, घोट्याचं काम होतं.

---

गोलरेषा_परभणी

लई कामाचं मिळालं सगळ्यांकडून. आणखी दोन शंका. मुख्य कोच आणि कीपर कोच एकच माणूस असेल (दुसरा परवडत नाही) तर वेळ कसा वाटायचा? आणि कीपरनं बॉल हातात ठेवायचा नवा नियम आलाय म्हणे, आठ सेकंदांचा, तो कसा मोजतात?

---

बाकावरून

आधी थोडी असहमती. ‘मागून सगळं मैदान दिसतं’ हे जितकं खरं तितकंच फसवं आहे. कीपरला खेळ एका बाजूनंच दिसतो, त्याच्याकडं येणारा. आपला संघ आक्रमण करताना ६० मीटर लांब काय चाललंय ते त्याला दिसतं, पण जाणवत नाही. म्हणून कीपर असून मुख्य कोच झालेला माणूस सवयीनं गोलामागं उभा राहतो. हे पहिल्या दिवशी मोडायचं. सराव सामन्यात मध्यरेषेजवळ बाजूला उभं राहा, आणि एक मोबाइल गच्चीवर किंवा संकुलाच्या पायऱ्यांवर उंच लावून चित्रण घ्या.

दुसरी खोड म्हणजे अशा कोचच्या सरावात बचावाचे खेळ भरपूर आणि गोल करायचे कमी. वहीत लिहून काढा. आठवड्यात चार दिवस, दीड तास असेल तर निदान दोन दिवस मुख्य भाग आक्रमणाचा. त्याला एक खेळ पुरतो: दोन पेनल्टी एरिया समोरासमोर ठेवल्यावर होतं तेवढं, साधारण ३३ बाय ४० मीटरचं मैदान, दोन्हीकडं गोल आणि कीपर, ४ विरुद्ध ४, आणि कडेला दोन्ही बाजूंना एकेक जण जो बॉल मिळाला की दोन टचमध्ये परत आत देतो. ३ मिनिटं खेळ, दीड मिनिट विश्रांती, सहा फेऱ्या. यात दर अर्ध्या मिनिटाला शॉट निघतो, म्हणजे कीपरचंही काम होतं. कमी उंचीची पोरं असतील तर गोल लहान करा, इंग्लंडमध्ये नऊ-नऊच्या खेळाला १६ बाय ७ फुटांचा गोल वापरतात.

एकच माणूस असेल तर वाटणी अशी. आठवड्यात दोन दिवस पहिली २५ मिनिटं कीपरसाठी, तेवढ्यात बाकीच्यांचा वॉर्मअप आणि पासिंग कर्णधारानं घ्यायचं. त्यापेक्षा जास्त नको. उरलेले दिवस कीपर संघाबरोबरच, पासिंगच्या चौकटीत पायानं खेळत. १९९२ पासून साथीदारानं पायानं मुद्दाम दिलेला बॉल कीपर हातात घेऊ शकत नाही, घेतला तर इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावरून थेट गोल होत नाही). झॉफ आणि थंगराज या दोघांनाही खेळाडू म्हणून हा नियम लागला नाही. म्हणून जुन्या कीपरांचे किस्से ऐकवा, पण पायाचा सराव आजच्या नियमानं घ्या. २०१९ पासून गोल किकला बॉल पेनल्टी एरियाबाहेर जायची वाट बघावी लागत नाही, किक मारून हलला की खेळात. म्हणजे दोन बचावपटू एरियातच उभे करून लहान पास देता येतो. पण मुरमावर तो पास उसळतो. सामन्याआधी गोलासमोरची १० मीटर जागा चालून बघा, बॉल नीट घरंगळत नसेल तर त्या दिवशी लांब किक.

आठ सेकंद: हा बदल २०२५-२६ च्या नियमावलीत आला. बॉल कीपरच्या हातात पूर्ण ताब्यात आला की मोजणी सुरू. शेवटचे पाच सेकंद रेफरी हात वर करून बोटांनी दाखवतो. आठच्या पुढं गेला तर समोरच्याला कॉर्नर, कीपर ज्या बाजूला उभा होता त्या बाजूचा. पूर्वी सहा सेकंद आणि इनडायरेक्ट फ्री किक होती, पण रेफरी सहसा देत नसत. आता देतात. जमिनीवर पडून बॉल कवटाळून वेळ काढायची पोरांची सवय असते, तिथंच फसतात. सरावात एका पोराला मोठ्यानं मोजायला लावा, बॉल धरल्यापासून तिसऱ्या आकड्याला उभं आणि सहाव्याला बॉल सुटलेला. आपली शालेय स्पर्धा कोणत्या वर्षीच्या नियमावलीनं खेळवणार, हे सामन्याआधीच्या तांत्रिक बैठकीत विचारून घ्या आणि कीपरला तिथल्या तिथं सांगा.

पेनल्टीचंही सांगून ठेवतो. किकच्या क्षणी निदान एक पाय रेषेवर, रेषेच्या वर हवेत किंवा रेषेमागं पाहिजे, दोन्ही पुढं आले आणि बॉल अडवला तर किक परत. उत्साही पोरं हमखास इथं सापडतात.

---

गोलरेषा_परभणी

खड्ड्याचं उद्याच संकुलात विचारतो. दोरी नायलॉनची चालेल का? घरी पडून आहे.

---

वाळूचा_खड्डा

नायलॉन नको. ती ताणली की लांबते आणि सुटली की पायाला चटका देते. सुती घ्या, बोटाएवढ्या जाडीची. खांबाला पोराच्या कमरेच्या उंचीवर बांधा आणि बॉलपाशी दोन्ही टोकं हातात धरणारा एक पोरगा ठेवा, खुंटी ठोकू नका. कीपर अडखळला तर धरणाऱ्यानं लगेच सोडता आली पाहिजे. आणि दोरीच्या सरावात शॉट मारायचे नाहीत. आधी जागा बघायची, दोरी काढायची, मग मारायचे.